आमोसचा तराजू

वऱ्हाडातल्या कापसाच्या आणि धान्याच्या बाजारांसाठी १८९७ साली स्वतंत्र कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा हा पहिला कायदा. त्याआधी अकरा वर्षे, १८८६ मध्ये, कारंज्याला पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला होता. बाजार कुठे भरेल, मापारी कोण असेल, काटा कसा असेल, दलाली किती घ्यायची, हे नियमाने ठरवून देण्याची ही व्यवस्था. तिच्यामागे शेतकऱ्याचा कळवळा फारसा नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस हवा होता आणि बाजार समित्यांवर व्यापाऱ्यांचाच भरणा होता. तरीही या कायद्याने एक गोष्ट कागदावर कबूल केली: बंडीतून आलेला माल काट्यावर चढताना हलका होतो, आणि तो आपोआप होत नाही.

इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात यहूदा राज्यातल्या तकोवा गावचा एक मेंढपाळ हाच आरोप घेऊन शेजारच्या इस्राएल राज्यात गेला होता. आमोस त्याचे नाव. धान्य मोजायची पायली लहान, पैसे तोलायचे वजन जड, तराजू खोटा, आणि गव्हाच्या नावाखाली मातेरे विकायचे. शब्बाथाचा, म्हणजे विश्रांतीचा, दिवस एकदाचा सरावा आणि दुकान उघडावे म्हणून व्यापारी तळमळत बसलेले. आमोसच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात हे सारे येते. बाजारातली ही लबाडी तो किरकोळ गुन्ह्यांत टाकत नाही. राष्ट्राचा नाश का होणार, याच्या कारणांत ती मांडतो. पुस्तकाच्या सुरुवातीला त्याने शेजारच्या राष्ट्रांच्या कत्तलींची यादी दिली आहे, आणि त्याच यादीच्या शेवटी आपल्या श्रोत्यांच्या देवघेवीचा हिशेब काढला आहे.

हिब्रू संदेष्ट्यांच्या पुस्तकांत राष्ट्रांविरुद्धच्या अशा इशाऱ्यांचा मोठा भाग आहे. यशयाचे तेरा ते तेवीस हे अध्याय, यिर्मयाचे शेवटचे काही अध्याय, यहेज्केलाचे पंचवीस ते बत्तीस, ओबद्या आणि नहूम यांची तर जवळपास पूर्ण पुस्तके. बहुतेक वाचक हा भाग ओलांडून पुढे जातात. जे थांबतात त्यांतले अनेक जण त्याचे पंचांग करतात. दमास्कसवर बॉम्ब पडले, गाझा उद्ध्वस्त झाले, की कुणीतरी वचन शोधून काढतो आणि हे तर आधीच लिहिले होते म्हणून सांगतो. आमोसकडे पाहिले की दोन्ही वाचने किती चुकीची आहेत ते कळते.

आमोसचा काळ इस्राएलच्या भरभराटीचा होता. दुसरा यराबाम गादीवर होता, सीमा वाढल्या होत्या, शोमरोन या राजधानीत हस्तिदंताने मढवलेले पलंग आले होते. विसाव्या शतकात तिथे झालेल्या उत्खननात हस्तिदंती कोरीवकामाचे शेकडो तुकडे सापडले. तेल आणि द्राक्षारस राजधानीकडे गेल्याच्या नोंदी असलेली खापरेही सापडली. म्हणजे आमोसने वर्णन केलेली श्रीमंती कल्पनेतली नव्हती. त्या श्रीमंतीच्या देवस्थानात, बेथेलला, हा परक्या राज्यातला मेंढपाळ उभा राहिला.

त्याने सुरुवात केली दमास्कसपासून. अरामी सैन्याने गिलादाची माणसे लोखंडी मळणीयंत्राखाली धान्यासारखी मळली, हा दमास्कसचा गुन्हा. मग गाझा: तिथल्या लोकांनी गावेच्या गावे उचलून गुलाम म्हणून विकली. मग सोर हे व्यापारी बंदर: त्यानेही तेच केले आणि भाऊबंदकीचा करार मोडला. मग अदोम, जो तलवार घेऊन भावाच्या मागे लागला. मग अम्मोन: हद्द वाढवण्यासाठी त्याने गरोदर बायांची पोटे फाडली. मग मवाब. प्रत्येक नावापाशी बेथेलच्या गर्दीला समाधान वाटले असणार. हे सगळे त्यांचे शत्रू किंवा डोकेदुखी झालेले शेजारी. त्यानंतर दक्षिणेचे यहूदा राज्य आले, आमोसचे स्वतःचे. इथवर ऐकणारा माणूस आता उठून घरी जायला मोकळा झाला असे समजत असेल, तेवढ्यात आठवे नाव आले: इस्राएल.

आणि आठव्या नावाखालचे गुन्हे युद्धातले नाहीत. चांदीच्या काही तुकड्यांसाठी निरपराध माणूस विकला. वहाणांच्या जोडाएवढ्या कर्जापायी गरीब विकला. गहाण ठेवून घेतलेल्या पांघरुणांवर लोक वेदीजवळ लोळत पडले. इस्राएलच्या कायद्याप्रमाणे गरिबाचे पांघरूण सूर्यास्ताआधी परत द्यायचे होते, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरे काही नसते. हा नियम केवळ पोथीत नव्हता. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या गढीत १९६० साली इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकातले एक खापर सापडले. त्यावर कापणीच्या मजुराचा अर्ज आहे: ठरलेले काम मी पुरे केले, तरी मुकादमाने माझे वस्त्र काढून घेतले, ते मला परत मिळावे. आमोस ज्या माणसाची बाजू मांडत होता त्याच माणसाचा हा अर्ज म्हणता येईल.

अमरावती आणि अकोल्याच्या वाचकाला ही रीत परकी वाटू नये. शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, आयुष्यभर याच रीतीने बोलले. २३ फेब्रुवारी १८७६ चा त्यांचा जन्म, घर परिटाचे. वडील दारूपायी गेले. बालपण आजोळी गेले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. तिथे मामाची जमीन सावकाराच्या कागदात कशी अडकली आणि ताबा घ्यायला आलेल्या सावकाराच्या माणसांसमोर तरुण डेबूजी कसा उभा राहिला, हे त्यांच्या चरित्रकारांनी सांगितले आहे. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. गावात शिरले की आधी खराट्याने रस्ता झाडायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात उभे करायचे. कीर्तनात निरूपण कमी, प्रश्न जास्त. प्रश्न सोपे असत आणि उत्तर गर्दीने मोठ्याने द्यायचे असे. नवसाला बोकड कापतो तो, कर्ज काढून लग्न करतो तो, माणसाला शिवत नाही तो, अशा माणसांबद्दल गर्दी एकमुखाने निकाल द्यायची. थोड्या वेळाने तिच्या लक्षात यायचे की निकाल आपल्यावरच दिला गेला आहे. १९५६ साली मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. ज्याला ही रीत कानांनी समजून घ्यायची आहे त्याने ते ऐकावे.

दोघांत फरकही मोठा आहे. आमोस परमेश्वराच्या नावाने शिक्षा जाहीर करतो. गाडगेबाबा मूर्तीतल्या देवापासून लोकांना माणसाकडे वळवतात. पण बोलण्याची जागा एकच. दोघेही धर्मस्थळाच्या गर्दीत बोलले आणि दोघांनीही त्यावर पोट भरले नाही. बेथेलचा पुजारी अमस्या जेव्हा म्हणाला की यहूदात जा आणि तिकडे भविष्य सांगून भाकरी कमव, तेव्हा आमोसने धंदेवाईक संदेष्टा असण्याचे साफ नाकारले. मी गुरे राखतो आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करतो, असे त्याने सांगितले. गाडगेबाबा भाकरीआधी लाकडे फोडून देत आणि कुणाला पायांवर डोके ठेवू देत नसत.

अमस्याने राजाकडे जी तक्रार पाठवली तीही वाचण्यासारखी आहे. या माणसाचे शब्द देशाला सोसवत नाहीत, असा तिचा आशय. राज्यकर्त्यांना वाटणारी शब्दांची अशी भीती वऱ्हाडानेही पाहिली आहे. यावलीचे तुकडोजी महाराज चिमूर-आष्टीच्या उठावानंतर ऑगस्ट १९४२ मध्ये पकडले गेले आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगांत राहिले. त्यांच्या हातात खंजिरी होती आणि तोंडी भजन.

आता भाकिताचा प्रश्न. वऱ्हाडातच, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळची घटमांडणी होते. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट आखतात, कडेने अठरा धान्ये मांडतात, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि राजाच्या गादीसाठी पानविडा. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य जागचे हलले, विडा जागेवर आहे का, हे पाहून पाऊस, पिके आणि राज्यकर्ते यांची भाकिते सांगतात. तीनशेहून अधिक वर्षांची ही प्रथा असल्याचे सांगितले जाते. पेरणीच्या तोंडावर शेतकरी दुरून तिथे येतो, कारण त्याला पुढचे काही महिने कसे जाणार हे कळायला हवे असते. ही त्याची गरज खरी आहे. मात्र घटमांडणीला वैज्ञानिक आधार नाही, आणि तिच्यावर पेरणीचा निर्णय सोपवणे धोक्याचे आहे, हेही तितकेच स्पष्ट म्हटले पाहिजे.

हिब्रू संदेष्ट्यांचे पुस्तक मात्र भेंडवळच्या पंगतीत बसवता येत नाही. घटातले भाकीत ऐकणाऱ्याकडून काहीच मागत नाही. पाऊस पडेल किंवा पडणार नाही. संदेष्ट्याचा इशारा ऐकणाऱ्याकडून बदल मागतो, आणि बदल झाला तर इशारा मागे घेतला जातो. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात हे तत्त्व राष्ट्रांच्या बाबतीत उघड सांगितले आहे: एखाद्या राष्ट्राच्या नाशाची घोषणा झाली आणि ते वाईटापासून वळले, तर नाश टळेल, बांधण्याची घोषणा झाली आणि ते बिघडले, तर बांधणे थांबेल. योनाची गोष्ट याच तत्त्वावर उभी आहे. निनवे हे अश्शूरी साम्राज्याचे शहर, इस्राएलचा कर्दनकाळ. योना तिथे चाळीस दिवसांची मुदत सांगून आला. राजापासून गुरांपर्यंत सगळ्यांनी गोणपाट नेसले आणि शहर वाचले. योना मात्र रुसून बसला, कारण त्याला भाकीत खरे व्हायला हवे होते. पूर्णेच्या काठी दवंडी पिटली, लोक टेकाडावर गेले आणि कुणी बुडाले नाही, तर दवंडी खोटी ठरत नाही.

यिर्मयाच्या सव्विसाव्या अध्यायात तर या समजुतीवर एक खटला निकाली निघाला आहे. यरुशलेमच्या मंदिराचा नाश होईल असे बोलल्याबद्दल यिर्मयाला ठार मारण्याची मागणी झाली. तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी उठून आठवण दिली की शंभर वर्षांपूर्वी मीखा या संदेष्ट्यानेही हेच म्हटले होते, हिज्कीया राजाने ते ऐकले, आणि संकट टळले. मीखाचे भाकीत खोटे ठरले म्हणून कुणी त्याला लबाड म्हटले नाही. उलट त्याच उदाहरणाने यिर्मयाचा जीव वाचवायला मदत झाली.

याहून धीट नोंद यहेज्केलाची आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर सोर शहर जमीनदोस्त करील, असे त्याने सव्विसाव्या अध्यायात तपशिलाने सांगितले. सोराला तेरा वर्षे वेढा पडला, आणि शहर त्या तपशिलाप्रमाणे पडले नाही. एकोणतिसाव्या अध्यायात यहेज्केल स्वतः लिहितो की सैनिकांची डोकी ओझ्याने टक्कल पडेपर्यंत घासली तरी त्या सैन्याला सोराकडून मोबदला मिळाला नाही. इसवी सनापूर्वी ३३२ मध्ये सिकंदराने समुद्रात भराव टाकून सोर जिंकले, ते फार पुढे. ज्यांनी हे ग्रंथ सांभाळले त्यांनी सव्विसावा अध्याय पुसला नाही आणि एकोणतिसावाही लपवला नाही. पंचांग जपणारे लोक असे करत नाहीत. त्यांना जपायचे होते ते सोरावरचे आरोपपत्र: समुद्रावरच्या व्यापाराने माजलेले, स्वतःला देव समजणारे शहर.

सगळ्यात अवघड प्रश्न संकटांचा आहे. आमोसच्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत त्याच्या बोलण्याची तारीख भूकंपाच्या दोन वर्षे आधी अशी दिली आहे, आणि हासोर इथल्या उत्खननात त्या शतकातल्या भूकंपाच्या खुणा दिसल्या आहेत. चौथ्या अध्यायात तो अवर्षण, टोळ, पिकांवरचा रोग, मरी यांची यादी देतो आणि ही सगळी परमेश्वराने लोकांना वळवण्यासाठी पाठवली असे म्हणतो. हे वाचताना आजच्या वाचकाने थबकायलाच हवे.

महाराष्ट्राला या वादाचा एक जवळचा संदर्भ आहे. नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधीजींची हरिजन यात्रा वर्ध्याहून सुरू झाली. यात्रा चालू असतानाच १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसे मेली. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकूर या मुद्द्यावर त्यांच्याशी जाहीरपणे भिडले. निसर्गातल्या उत्पातांना निसर्गातलीच कारणे असतात आणि असे बोलणे लोकांच्या अविवेकाला खतपाणी घालते, ही त्यांची हरकत होती. गांधीजींनी ती 'हरिजन'मध्ये छापली आणि खाली उत्तर दिले. या वादात रवींद्रनाथांचे म्हणणे बरोबर होते. भूकंपाखाली अस्पृश्यही सापडले होते. शिक्षा आणि बळी यांची अशी गल्लत झाली की न्यायाचा शब्दच उरत नाही.

मग आमोसचे काय घ्यायचे? वऱ्हाडाचाच दुष्काळ त्याला उत्तर देतो. १८९९-१९०० साली पाऊस दगा देऊन गेला. पाऊस न पडणे हे कुणाचे पाप नव्हते. पण त्याआधीच्या सुमारे पंचेचाळीस वर्षांत इथे काय झाले होते? १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले, १८६७ पर्यंत अकोला, बडनेरा ओलांडून रेल्वे नागपूरला पोचली. ज्वारीच्या रानात कापूस आला, पेवांतली साठवण घटली, सारा रोखीने भरायचा म्हणून सावकाराची सवाई-दिढी दारात आली. लक्ष्मण सत्य यांनी 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' या ग्रंथात ही साखळी उलगडली आहे. तिच्या आधाराने माइक डेव्हिस यांनी लिहिले की त्या दुष्काळात वऱ्हाडातली सुमारे १,४३,००० माणसे उपासमारीने मेली आणि त्याच काळात कापसाच्या हजारो गाठींबरोबर ७,४७,००० बुशेल धान्य प्रांताबाहेर गेले.

ढग का आले नाहीत हे आमोसला कळले नव्हते. धान्य कुठे गेले हे मात्र त्याला बरोबर कळले होते. त्याच्या पुस्तकातला हा भाग सत्तावीसशे वर्षांत जुना झालेला नाही. त्याचा मुख्य रोख दुष्काळात मरणाऱ्यावर नाही. त्याचे बोट पलंगावर पडलेल्याकडे, पायली लहान करणाऱ्याकडे, वेशीवरच्या न्यायसभेत लाच घेणाऱ्याकडे आहे. संकट कुणामुळे आले असे विचारण्यापेक्षा संकटात कुणाचे फावले असे विचारले, तर आमोस आजच्या वाचकाशीही नीट बोलतो.

जुलै २००६ मध्ये केंद्र सरकारने अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, कारण इथले शेतकरी कर्जापायी जीव देत होते. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात, अवैध सावकाराने हडपलेली जमीन मूळ मालकाला परत करण्याची तरतूद आली. सूर्यास्ताआधी पांघरूण परत करण्याच्या त्या जुन्या नियमाचीच ही नात आहे, आणि दोन्ही नियम एकाच कारणाने लिहावे लागले.

राष्ट्रांच्या यादीकडे परत येऊन एक बारकावा सांगायला हवा. मवाबाचा गुन्हा काय? त्याने अदोमाच्या राजाची हाडे जाळून चुना केला. यात इस्राएलचे काहीच बिघडले नव्हते. परक्याने परक्याच्या प्रेताची केलेली विटंबनाही आमोसच्या न्यायासनापुढे येते. आणि नवव्या अध्यायात तो याहून पुढे जातो: परमेश्वराने इस्राएलला मिसरातून आणले तसेच पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अराम्यांना कीरहून आणले, आणि इस्राएल त्याला कूशी लोकांसारखेच आहे. निवडलेपणाची सगळी ऐट इथे संपते. माप एकच आहे आणि ते सगळ्यांना लागते. म्हणूनच गाझावरचे किंवा दमास्कसवरचे वचन घेऊन आजच्या गाझातल्या, दमास्कसमधल्या लेकरांच्या मरणाला दैवी मंजुरी देणे म्हणजे आमोसला उलटा टांगणे आहे. त्याने गाझावर ठेवलेला आरोप माणसांच्या पूर्ण वस्त्या हाकलून विकल्याचा होता. आज जो कुणी वस्त्या हाकलतो, त्याचे नाव काहीही असो, तो त्या आरोपाखाली येतो.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या भाषणात न्यायाचा प्रवाह वाहू देण्याची आमोसचीच प्रतिमा वापरली. ती त्यांनी आपल्याच देशाला ऐकवली, दूरच्या शत्रूला नव्हे, आणि संदेष्ट्याचे ते योग्य वाचन होते.

मराठीत हा ग्रंथ फार मोठ्या कष्टांनी आला आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलचे भाषांतर केले, केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी छपाईचे काम केले, आणि रमाबाई १९२२ मध्ये गेल्यानंतर दोन वर्षांनी ते पूर्ण छापून निघाले. अकोल्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आले आहे, आणि वऱ्हाडातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या घरांत आमोस आहेच. बाकीच्या वऱ्हाडाने मात्र तो परधर्माचा ग्रंथ म्हणून फडताळातच राहू दिला. हे नुकसान आहे. बाजार समितीच्या ओट्यावर बसून वाचता येईल इतका तो या मातीच्या जवळचा आहे.

इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी शोमरोन घेतले आणि इस्राएलचे राज्य संपले. आमोसचे शब्द यहूदात पोचले, तिथे जपले गेले, आणि यहूदाचेही नाव त्या यादीत असताना ते कुणी खोडले नाही. स्वतःवरचे आरोपपत्र धर्मग्रंथ म्हणून सांभाळणारे लोक इतिहासात थोडे आहेत. नऊ अध्यायांचे हे पुस्तक तासाभरात वाचून होते. वऱ्हाडातल्या वाचकाने पहिले दोन अध्याय एका बैठकीत वाचावेत, आणि मवाबापाशी थांबू नये.